सादळलेला कागद, सुकलेला कागद

५.०२!

मल्टीमीटरवर हा आकडा उमटला, एकदा थरथरला आणि मग ठाम उभा राहिला. शनिवारची रात्र, साडेदहा वाजलेले, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधलं आमचं गॅरेज, समोर चाळिशी उलटलेल्या एका संगणकाचा उघडा सांगाडा, आणि मी ओरडले, "काका, पाच! पाच व्होल्ट आले!" फोनच्या पडद्यावर मिरजेत रविवार उजाडून अकरा वाजत आले होते. काकांच्या हातातला चहा बशीत सांडला आणि तेही तेवढ्याच जोरात म्हणाले, "आले? हलत नाहीत ना? सुरात आहेत ना?"

सुरात होते! काकांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मिरजेच्या सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर होतं. दिवसभर तंबोरे जुळवल्याचा आवाज कानावर पडायचा, म्हणून त्यांच्या लेखी व्होल्टेजसुद्धा सुरात असतं किंवा नसतं. लहानपणापासून हे वाक्य मी ऐकत आले. त्याचा अर्थ त्या रात्री कळला, आणि तेव्हापासून मला गप्प बसवत नाही. भेटेल त्याला सांगतेय. आता तुम्हाला सांगते.

मी गेली अठरा वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. संगणकाची भाषा माझ्या बोटांत आहे, पण त्याच्या पोटात मी कधी हात घातला नव्हता. वीज भिंतीतून येते आणि यंत्र चालतं, एवढंच माझं ज्ञान. मग मे महिन्यातल्या एका सकाळी शेजारच्या हेवर्ड गावात एका आजींच्या अंगणात जुन्या सामानाची विक्री लागली होती. कपबशा, बागेची अवजारं, दिवंगत पतीची पुस्तकं, आणि टेबलाखाली एक पेटी. माझ्या आईच्या शिवणयंत्राच्या पेटीसारखी, वरती उचलायला मूठ असलेली. उचलली तर खांदा खाली आला. आजी म्हणाल्या, "तो त्यांचा कॉम्प्युटर. झाकण काढून बघ."

झाकण काढलं, आणि ते झाकण म्हणजेच कीबोर्ड निघाला! एका रुंद पट्टीसारख्या तारेने तो पेटीला जोडलेला. आत मधोमध पाच इंची, तळहाताएवढा काचेचा पडदा, त्याच्या दोन्ही बाजूंना फ्लॉपीच्या दोन खाचा आणि त्यांच्या खाली फ्लॉप्या ठेवायला दोन कप्पे. एका कप्प्यात पाकिटात जपलेल्या फ्लॉप्या अजून होत्या. नाव होतं ऑसबॉर्न १.

घरी आल्यावर वाचत सुटले आणि पहाटे दोनला झोपले. एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये हा संगणक पहिल्यांदा लोकांसमोर आला. किंमत १७९५ डॉलर. वजन साडेचोवीस पौंड, म्हणजे सुमारे ११ किलो. आत ४ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर आणि ६४ केबी स्मृती. पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरं दिसायची, पण ओळ प्रत्यक्षात १२८ अक्षरांपर्यंत लांब असायची, आणि पडदा खिडकीसारखा डावी-उजवीकडे सरकवून ती वाचायची. सोबत सीपी/एम ही कार्यप्रणाली, वर्डस्टार, सुपरकॅल्क आणि बेसिक, सगळं त्याच किमतीत! आत बॅटरी नव्हती, भिंतीचा प्लग लागायचाच, पण झाकण लावून मुठीने उचलला की विमानात सीटखाली मावायचा. बाजारात मोठं यश मिळालेला पहिला पोर्टेबल संगणक तो हाच. आणि कंपनी कुठली? हेवर्डची! ज्या गावात तो मला मिळाला, त्याच गावातली. सप्टेंबर १९८३ मध्ये तिचं दिवाळं निघालं. अडीच वर्षांची धूमधाम, आणि तिच्यातला एक तुकडा माझ्या गॅरेजमध्ये.

दुसऱ्या दिवशी मी प्लग लावला आणि स्विच दाबला.

चालू झाला! तळहाताएवढ्या काचेवर अक्षरं उमटली: ए ड्राइव्हमध्ये डिस्क घाला आणि रिटर्न दाबा, अशा अर्थाची विनंती. माझ्या वयाच्या यंत्राने मला नम्रपणे काहीतरी सांगितलं, या आनंदात मी फोटो काढत उभी राहिले. पाच मिनिटं, आठ मिनिटं, दहा मिनिटं. मग फट्! सुतळी बॉम्ब डब्याखाली फुटावा तसा आवाज, पाठोपाठ वरच्या फटींतून पांढरा दाट धूर, आणि असा वास की डोळ्यांत पाणी. मी झेप घेऊन प्लग उपटला. पण त्या क्षणाआधी एक गोष्ट मी स्पष्ट पाहिली होती. धूर येत होता, आणि पडद्यावरची अक्षरं जागची हललीही नव्हती!

काकांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो वासाचा. "मासळीसारखा? जळक्या कागदासारखा?" दोन्ही, मी म्हटलं. "आणि धूर येत असताना चालू होता?" हो. काका हसायला लागले. "अगं, मग घाबरतेस काय! मेनच्या तोंडाशी बसलेला कंडेन्सर गेलाय. यंत्र ठणठणीत आहे. उघड."

उघड! हा शब्द मला आयुष्यात कुणी यंत्राबद्दल म्हटला नव्हता.

पण उघडण्याआधी काकांनी मला पूर्ण अर्धा तास बसवून ठेवलं, आणि तो अर्धा तास या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा होता. ते म्हणाले, "प्लग काढला म्हणजे वीज गेली असं समजू नकोस. वीज आत मुक्कामाला असते." मला ती कल्पनाच नवी होती! भिंतीतली १२० व्होल्टची वीज सरळ केली की तिचं शिखर सुमारे १७० व्होल्टपर्यंत जातं, दुप्पट करणारी जोडणी असेल तर ३४० पर्यंत, आणि ती मोठ्या कपॅसिटरांत (काका त्यांनाच कंडेन्सर म्हणतात) साठून राहते. प्लग हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा जीव घ्यायला ती पुरेशी असते. शिवाय पडद्याच्या नळीला रबरी टोपीखालून जाणारी जाड तार असते, तिच्यावर काही हजार व्होल्ट, तेही बंद केल्यानंतर टिकणारे. म्हणून नियम: प्लग काढून आधी थांबायचं. त्या जाड तारेच्या वाटेला जायचं नाही. अंगठ्या, बांगड्या काढायच्या. एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे एका हातातून दुसऱ्या हातात वीज छातीतून जायला वाट मिळत नाही. मोठ्या कपॅसिटरांची वीज रेझिस्टरमधून सावकाश उतरवायची, आणि मल्टीमीटरवर शून्याजवळचा आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशालाही बोट लावायचं नाही. काका म्हणाले, "मी पन्नास वर्षं हे काम केलं ते हुशारीवर नाही केलं. मीटर बघून मग हात घातला, म्हणून केलं."

मी मीटर बघितला. मग हात घातला.

पॉवर सप्लायची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, बाकीच्या पाट्यांपासून वेगळी होती. स्क्रू काढून ती टेबलावर ठेवली आणि गुन्हेगार शोधायला भिंगही लागलं नाही. मेनच्या तारा जिथे पाटीवर येतात तिथेच एक चौकोनी, मधाच्या रंगाचा, पारदर्शक ठोकळा होता. एका बाजूने फुटून काळा पडलेला, आणि उरलेल्या अंगावर जाळं पसरलेलं. उन्हाळ्यात तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगांचं. शेजारी त्याचाच एक छोटा भाऊ होता, न फुटलेला, पण त्याच्याही अंगावर तेच जाळं. पारदर्शक होता म्हणून भिंगातून आत डोकावले तर घड्या दिसल्या. दाबून बसवलेल्या, पातळ, एकावर एक घड्या. "काका, आत काय आहे हे?"

"कागद," काका म्हणाले.

कागद! संगणकात कागद! मला खरंच वाटेना. पण तसंच आहे. कागदाच्या अतिशय पातळ पट्टीवर धातूचा थर चढवतात, ती गुंडाळतात, रेझिनमध्ये भिजवतात आणि वर कडक कवच ओततात. झाला कपॅसिटर. पॉवर सप्लाय आपल्या कामात विजेचा जो गोंगाट करतो, तो मागे घराच्या वायरिंगमध्ये जाऊन शेजारचा रेडिओ खरखरू नये, म्हणून हा ठोकळा मेनच्या दोन तारांच्या मध्ये बसून तो गोंगाट गिळतो. यंत्र चालवण्यात त्याचा वाटा नाही, म्हणून तो जळत असतानाही अक्षरं हलली नव्हती! पण वर्षं जातात तसं कवच आकसतं, भेगा पडतात, आणि भेगांतून हवेतला ओलावा आत शिरतो. कागद तो पितो, फुगतो, भेगा आणखी रुंद होतात, आणखी ओलावा. वर्षानुवर्षं हे चालतं, आणि मग एक दिवस कुणीतरी प्रेमाने प्लग लावतं. पूर्ण मेन व्होल्टेज त्या ओल्या कागदावर येतं. फट्.

"सादळला होता," काका म्हणाले. "डब्याचं झाकण सैल राहिलं की पापड सादळतो ना, तसा."

त्या एका शब्दाने सगळं लख्ख झालं. आईने उन्हाळ्यात केलेले पापड, पावसाळ्यात हाताला लागणारा तो लोळागोळा मऊपणा, आणि समोर हा ठोकळा, समुद्राकडून येणारं धुकं चाळीस वर्षं भेगांतून पीत बसलेला. यात कुणाचा दोष नाही. ज्याने तो बनवला त्याने वीस वर्षांचा विचार केला असेल, आपण दुप्पट वर्षांनी त्याला जागं केलं.

दोन्ही ठोकळे काढले. आयुष्यातलं माझं पहिलं सोल्डरिंग! काकांनी सांगितलं तसं जुन्या सांध्यावर आधी थोडं नवं सोल्डर दिलं, म्हणजे जुनं लवकर वितळतं. मग पंपाने चटकन ओढून घेतलं, आणि चाळीस वर्षं रुतलेले पाय अलगद सुटले. त्यांच्या जागी त्याच मापाचे, एक्स-२ वर्गाचे, पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फितीचे नवे कपॅसिटर लावले. एक्स-२ म्हणजे मेनच्या दोन तारांमध्ये कायम बसण्यासाठीच बनवलेला वर्ग. तिथे साधा कपॅसिटर कधीही चालत नाही, हे काकांनी मला तीनदा बजावलं. किंमत? दोन्ही मिळून दोन डॉलरसुद्धा नाही. आणि फितीत कागद नाही, म्हणजे सादळायचा प्रश्नच संपला.

पुढच्या शनिवारी पुन्हा स्विच दाबला. धूर नाही, वास नाही. पण आता पडद्यावरची अक्षरं थंडीने कुडकुडल्यासारखी हलत होती, आणि फ्लॉपीची मोटर फिरायला लागली की पडदा दचकायचा, अक्षरं पुसली जायची आणि यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायचं. पुन्हा मोटर, पुन्हा दचकणं. मी मीटर लावला. एरवी पाचच्या आसपास, पण मोटर फिरली की ४.५! आतल्या चिप्सना पाच व्होल्ट लागतात, आणि पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ च्या खाली गेलं की त्यांना भोवळ येते. बिचारा संगणक पुन्हा पुन्हा बेशुद्ध पडत होता आणि पुन्हा पुन्हा उठून तीच नम्र विनंती करत होता. मला भरून आलं. त्याला उभं करायचंच, असं त्या क्षणी मी मनाशी पक्कं केलं.

त्यासाठी सप्लाय चालतो कसा, हे समजून घ्यावं लागलं. आणि इथे मी खरी हरखून गेले!

जुन्या पद्धतीचा पॉवर सप्लाय म्हणजे लोखंडाचा जड ट्रान्सफॉर्मर. वीज सेकंदाला ६० फेऱ्या मारते, भारतात ५०. या संथ चालीत प्रत्येक फेरीला बरीच ऊर्जा उचलावी लागते, म्हणून लोखंडही भरपूर लागतं. काकांनी सांगितलं, "ही मोट. मोठी चामड्याची मोट, दोन बैल, आणि एकेक खेप सावकाश." मग या पेटीतला स्विच-मोड सप्लाय, म्हणजे एसएमपीएस? "ते रहाटगाडगं. गाडगी एवढी एवढीशी, पण एकामागून एक, थांबायचं नाव नाही!" त्यात मेनची वीज आधी सरळ करून साठवतात, आणि मग एक ट्रान्झिस्टर तिला सेकंदाला हजारो वेळा तोडतो, जोडतो, तोडतो, जोडतो. खेपा इतक्या वेगाने होतात की प्रत्येक खेपेत चिमूटभर ऊर्जा नेली तरी भागतं. म्हणून ट्रान्सफॉर्मर मुठीत मावेल एवढा, फेराइटचा. पलीकडच्या बाजूला +५, +१२ आणि −१२ व्होल्ट निघतात: मुख्यतः पाच चिप्सना, बारा मोटरला, आणि उणे बारा बाहेरच्या यंत्रांशी बोलणाऱ्या तारांना. आणि सगळ्यात सुंदर गोष्ट म्हणजे सप्लायचा एक भाग सतत पाच व्होल्टवर नजर ठेवून असतो. व्होल्टेज जरा उतरलं की ट्रान्झिस्टरला जरा जास्त वेळ चालू ठेवतो, चढलं की कमी. शेतात पाणी देताना बांधावर उभं राहून दारं धरतात ना, अगदी तसं, पण सेकंदात हजारो वेळा, आणि न थकता!

मग माझ्या लक्षात आलं की या पेटीची मूठ याच पाटीला लटकली आहे. ११ किलो वजन मी कुरकुरत उचललं होतं, पण आत लोखंडी मोट असती तर ती पेटी कुणी विमानतळावर नेलीच नसती. १९७७ च्या ॲपल २ साठी रॉड होल्ट यांनी एसएमपीएस बनवला तेव्हा घरगुती संगणकात तो विरळाच होता. त्यानंतर चार वर्षांनी तो पेटीत बसून प्रवासाला निघाला. आज तुमच्या फोनच्या चार्जरमध्ये, लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये, घरातल्या पुष्कळ एलईडी बल्बच्या टोपणात हेच रहाटगाडगं फिरतंय, फक्त आणखी वेगाने. ज्याला आपण पोर्टेबल म्हणतो त्याचं नाव प्रोसेसरला मिळतं, पडद्याला मिळतं, आणि ओझं हलकं करणारी ही पाटी पत्र्यामागे मुकाट काम करते. तिच्यावर कुणी ओवी रचली नाही. मी रचली असती, येत असती तर!

आता चूक कुठे होती? गाडगी एकामागून एक रिकामी होतात, म्हणून पाणी उसळ्या मारत येतं. त्या उसळ्या शांत करून संथ धार देण्यासाठी शेवटी हौद लागतो. हा हौद म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. ॲल्युमिनियमच्या छोट्या डब्यात ॲल्युमिनियमची पातळ पत्री गुंडाळलेली, आणि पत्रीच्या दोन थरांमध्ये काय असतं सांगा पाहू?

कागद! पुन्हा कागद!

पण हा कागद ओलाच हवा. इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रवात भिजलेला कागद हाच या कपॅसिटरचा जीव. डब्याच्या रबरी बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं कणाकणाने उडून जातो, आणि उष्णतेने लवकर. यातला साधा ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. कागद सुकला की हौद तसाच दिसतो, पण त्याच्या तोंडाशी गाळ बसलेला असतो. पाणी झटकन आत जात नाही, झटकन बाहेर येत नाही. मोटरने एकदम वीज मागितली की हौद देऊ शकत नाही, व्होल्टेज कोसळतं, आणि बिचारा बेशुद्ध पडतो. या गाळाला ईएसआर म्हणतात, आणि तो मोजायला वेगळा मीटर मिळतो. मी एक उसना आणला. पाच व्होल्टच्या वाटेवरचा २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षाही कमी दाखवायला हवा होता. त्याने दाखवलं ३.४!

मी टेबलापासून दोन पावलं मागे गेले. एकाच पाटीवर, एकमेकांपासून हातभरही अंतर नाही, आणि एक कागद ओला झाला म्हणून मेला, दुसरा कोरडा पडला म्हणून मेला! कागदावर टाइप करण्याचे कष्ट वाचवायला आलेलं यंत्र, आणि त्याचा प्राण दोन कागदांत! शाळेतल्या गोष्टीतला राक्षस आठवला, सात समुद्रांपलीकडच्या पोपटात जीव ठेवलेला. या संगणकाचा पोपट मला सापडला होता.

तिसऱ्या शनिवारी सगळे इलेक्ट्रोलिटिक बदलले. नवे १०५ अंशांपर्यंत टिकणारे, कमी ईएसआरचे. प्रत्येकाची उणे बाजू आधी फोटोत टिपली, मग जुना काढला, मग नवा लावला, मग फोटोशी ताडला, कारण हा कपॅसिटर उलटा लागला तर फुटतो. एका वेळी एकच काढायचा, हा काकांचा नियम. मग पाटी संगणकाला न जोडता तपासायची होती. तिथेही दोन नव्या गोष्टी कळल्या. जुने एसएमपीएस बिनलोडचे चालवायचे नसतात, त्यांना काहीतरी ओझं लागतंच, म्हणून पाच व्होल्टला ५ ओहमचा, १० वॉटचा रेझिस्टर आणि बारा व्होल्टला गाडीच्या मागच्या दिव्याचा बल्ब. आणि पहिला प्लग थेट लावायचा नाही, मध्ये सिरीज बल्ब घालायचा. काकांच्या दुकानात सिरीजचा लाकडी बोर्ड होता, होल्डर काळवंडलेला. जुना तारेचा बल्ब इथे कुठून आणू? ओव्हनच्या आतला दिवा अजून तारेचाच मिळतो! चाळीस वॉटचा तो दिवा जोडणीत घालून प्लग लावला. क्षणभर लखलखला, म्हणजे मोठे कपॅसिटर भरत होते. मग मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. तसाच लखलखत राहिला असता तर लगेच प्लग काढायचा होता.

मग सिरीज बल्ब बाजूला. सरळ प्लग. गाडीचा दिवा पेटला, लालबुंद नाही, पांढरा शुभ्र! मी एक हात पाठीमागे धरून मीटर लावला. ५.०२. मग १२.१. मग उणे ११.९. काका म्हणाले, "जुळला गं, जुळला." तंबोरा जुळला की म्हणतात तसंच.

त्या रात्री बाराच्या सुमाराला सगळं पेटीत परत बसवलं. स्विच. अक्षरं उमटली, पाटीवर खडूने लिहिल्यासारखी स्थिर. कप्प्यातली फ्लॉपी घातली, रिटर्न दाबलं, मोटर फिरली, आणि मी श्वास धरला. खर्र, टक्-टक्, खर्र. पडदा दचकला नाही! मग एक 'ए' आणि त्यापुढे छोटा बाण. सीपी/एम माझी वाट बघत होता. मी काकांना बोलू दिलं नाही, फोन ड्राइव्हजवळ धरला. पडद्यावरचं एवढं बारीक त्यांना दिसणार नव्हतं, पण आवाज पोचला. पन्नास वर्षं कानाने यंत्रं तपासलेला माणूस तो. थोडा वेळ ऐकून म्हणाले, "मोटर सरळ चाललीय."

वर्डस्टार उघडला, आणि रोमन अक्षरांत पण मराठीत पहिलं वाक्य टाइप केलं: काका, चालू झाला.

हा संगणक ज्याने कल्पिला त्या ॲडम ऑसबॉर्न यांच्याबद्दल मी नंतर वाचलं, आणि पुन्हा झोप उडाली. जन्म बँकॉकचा, १९३९ सालचा, पण बालपण तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलईत, रमण महर्षींच्या आश्रमाच्या सावलीत. वडील आर्थर ऑसबॉर्न महर्षींचे भक्त आणि चरित्रकार. मुलगा रसायन अभियांत्रिकी शिकला, कॅलिफोर्नियात येऊन संगणकांवर पुस्तकं लिहिली, ती स्वतः छापली, विकली, आणि मग होमब्रू कॉम्प्युटर क्लबच्या सभा चालवणारे ली फेल्सेनस्टीन यांच्याकडून या पेटीची रचना करून घेतली. १९९२ मध्ये ते भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांनी देह ठेवला. तिरुवण्णामलईच्या अरुणाचल डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाने हेवर्डमध्ये बनवलेली पेटी, मिरजेतल्या आवाजाच्या आधाराने फ्रीमाँटमध्ये पुन्हा बोलती झाली. मी हे मुद्दाम जुळवून सांगत नाही. ते असंच आहे, आणि म्हणूनच सांगितल्याशिवाय राहवत नाही.

झाकण लावण्याआधी काकांना विचारलं, "आता हा किती वर्षं चालेल?" ते म्हणाले, "मेनचे दोन्ही आता फितीचे, ते सादळायचे नाहीत. पण इलेक्ट्रोलिटिकात आजही कागदच आहे. तो सुकणार. वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, सुकणारच. तेव्हा कुणीतरी पुन्हा उघडेल."

कुणीतरी! मला ते कुणीतरी त्याच क्षणी दिसलं, आज कदाचित जन्मालाही न आलेलं, एखाद्या अंगणातल्या विक्रीत वाकून ही पेटी उचलणारं. म्हणून मी एका कागदावर काळ्या शाईने लिहिलं: कोणते कपॅसिटर बदलले, कोणत्या मापाचे, कोणत्या तारखेला. खाली मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत: आधी मीटर बघा, मग हात घाला. तो कागद मी कवचाच्या आतल्या बाजूला, तापणाऱ्या पाटीपासून लांब, नीट चिकटवला.

या पेटीतला हा तिसरा कागद. हा ना सादळावा, ना सुकावा.